छातीत हवा: एकाला नळी, दुसऱ्याला नुसता आराम, असं का?

मीनल_मुलुंड (सोमवार, रात्री १०:४०)

माझा भाचा, वय १९, किडकिडीत अंगाचा, लहानपणापासून थोडा दमा. बरेच दिवस खोकला चालू होता. गेल्या आठवड्यात एका रात्री अशी उबळ आली की थांबेचना. सकाळी उठला तर छातीत दुखतंय, गिळताना टोचतंय आणि आवाज नाकातून येतोय. ताईने मानेला बाम लावायला घेतला तर कातडीखाली बोटांना करकर लागली. मग सगळे घाबरून महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात गेले. एक्सरे झाला, सीटी झालं. निदान न्यूमोमेडिएस्टिनम. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, हृदयाच्या आजूबाजूला हवा शिरलीय म्हणे.

आता प्रश्न. शेजारच्या खाटेवर एक उंच, शिडशिडीत तरुण होता. त्याच्याही छातीत हवा. त्याला लगेच बरगड्यांमधून नळी घातली, खाटेखाली पाण्याची बाटली ठेवली. आमच्याला मात्र ऑक्सिजनचा मास्क, दुखण्यावर गोळी, दम्याचा पंप आणि ‘पडून राहा’. हृदयाभोवती हवा हे ऐकायला जास्त भयंकर, आणि उपचार मात्र कमी! राउंडला विचारलं तर ‘आपोआप शोषली जाईल’ एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडे.

भाचा आता बराच बरा आहे, एक-दोन दिवसांत सोडतील. पण मला हे नीट समजून घ्यायचंय. कुणाला माहिती, अनुभव?

पावभाजी_जादा_बटर

मुंबईत बाहेरच्या हवेपेक्षा छातीत अडकलेलीच शुद्ध निघायची. गंमत सोडा, भाचा लवकर ठणठणीत होवो.

विरार_स्लो

आमच्या गाडीत सकाळी ७:५० ला छातीत हवा शिरायला जागाच नसते. हा आजार पहिल्या वर्गाचा दिसतोय.

स्टेथो_दादर

मीनलताई, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी दादरला जनरल प्रॅक्टिस करतो, छातीरोगतज्ज्ञ नाही. पण निवासी डॉक्टर असताना हे दोन्ही प्रकार पाहिलेत.

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं, बरगड्यांच्या आतून दुसरं. दोहोंच्या फटीत एरवी जरासा द्रव असतो, हवा अजिबात नसते आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्या कमी दाबामुळेच फुफ्फुस फुगलेलं राहतं. त्या फटीत हवा शिरली की फुफ्फुस स्वतःच्याच लवचीकपणाने आक्रसतं. हा न्यूमोथोरॅक्स, शेजारच्या खाटेवरचा. हवा काढली की फुफ्फुस परत फुगतं, म्हणून नळी.

भाच्याची हवा त्या फटीत नाहीच. जोराने खोकताना आतला दाब एकदम वाढतो, टोकाच्या वायुपिशव्या फुटतात. ती हवा रक्तवाहिन्यांभोवतीच्या आवरणातून मागे सरकत फुफ्फुसाच्या मुळाशी येते आणि तिथून मधल्या जागेत उतरते. आपल्या जुन्या इमारतींत गळती चौथ्या मजल्याच्या बाथरूममध्ये असते आणि ओल दुसऱ्या मजल्याच्या हॉलमध्ये उमटते ना, तसंच. कॅनडातल्या चार्ल्स मॅकलिन यांनी १९३९ मध्ये हा मार्ग दाखवला, १९४४ मध्ये मॅज मॅकलिन यांच्यासोबत त्यावर सविस्तर लिहिलं. सीटीच्या रिपोर्टात ‘मॅकलिन इफेक्ट’ असा उल्लेख असेल तर तो हाच.

या मधल्या जागेत हृदय, श्वासनलिका, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्यामध्ये सैल ऊती असतात. जागा वर मानेपर्यंत मोकळी आहे. त्यामुळे हवा वर चढते, कातडीखाली पसरते. ताईंच्या बोटांना लागली ती करकर हीच, आणि घशाच्या मागच्या ऊतींत हवा गेली म्हणून आवाज बदलला. वर जायला वाट असल्याने दाब सहसा साचत नाही. आत दबलेलं फुफ्फुसही नाही. मग नळी घालून फुगवायचं काय?

पावभाजी_जादा_बटर

चौथ्या मजल्यावाला छातीठोकपणे सांगणार, ‘आमचं बाथरूम कोरडं आहे’. पुढच्या एजीएमला सोसायटीसाठी सीटी मशीन घ्यायचा ठराव मांडतो.

सडेतोड

एकीकडे ‘आपोआप बरं होतं’ म्हणायचं आणि दुसरीकडे सीटी काढायचं. आपोआप बरं होणार होतं तर सीटी कशाला? वैद्यकीय धंदा, दुसरं काय.

मीनल_मुलुंड

सडेतोड, महापालिकेचं रुग्णालय आहे हो. सगळं मिळून जे बिल झालं त्यात बाहेर साधी रक्ततपासणीही होणार नाही. उलट त्यांनी आणखी एक तपासणी केली, काहीतरी औषध प्यायला देऊन गिळताना एक्सरे काढले. ते कशासाठी हे मात्र कुणी सांगितलं नाही. स्टेथो, खूप आभार, पहिल्यांदाच चित्र डोळ्यांसमोर आलं.

स्टेथो_दादर

ती तपासणी अन्ननलिका फाटली नाही ना, हे बघायला. मधल्या जागेत हवा येण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. फुफ्फुसातून आली तर बहुतेकदा आराम पुरतो. अन्ननलिकेतून आली असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, कारण हवेसोबत अन्न, लाळ आणि जंतूही छातीत उतरतात. हॉलंडच्या हेर्मान बूरहावे यांनी १७२४ मध्ये अशा पहिल्या रुग्णाचं वर्णन लिहिलं. डच नौदलाचा एक बडा अधिकारी, भरपेट जेवला, मग उलटी काढायचं औषध घेतलं, जोराने ओकला, छातीत असह्य कळ आली आणि गेला. शवविच्छेदनात छाती उघडली तर खाल्लेल्या बदकाचा वास आला. तेव्हापासून या प्रकाराला बूरहावेचं नाव आहे. यात तासातासाला धोका वाढतो.

तेव्हा जोरदार उलटीनंतर छातीत भयंकर दुखू लागलं आणि मानेला करकर लागली, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करा.

सडेतोड यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, हेही सांगतो. तरुण मुलगा, खोकल्याचा स्पष्ट इतिहास, उलटी नाही, ताप नाही, छातीत पाणी नाही, अशा वेळी ही गिळण्याची तपासणी सरसकट करावी का यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. बरेच जण आता करत नाहीत. पण धंदा म्हणून करतात हे म्हणणं या केसमध्ये तरी टिकत नाही.

सडेतोड

थोडं तथ्य आहे, एवढं पुरे. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सिस्टर_वसई

मी छातीच्या वॉर्डात बरीच वर्षं ड्युटी केलीय. शेजारच्या खाटेवरच्या त्या बाटलीबद्दल नातेवाईक हमखास विचारतात, म्हणून लिहिते.

नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण २ सेंटिमीटर बुडवलेलं असतं. श्वास सोडताना, खोकताना छातीतली हवा बुडबुडे काढत बाहेर पडते आणि पाण्यामुळे परत आत जाऊ शकत नाही. जर्मनीच्या बुलाऊ या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात काढलेली युक्ती, आजही तीच चालू आहे. वीज नको, मशीन नको.

बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची. पेशंटला एक्सरेला नेताना वॉर्डबॉय बाटली उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतो ना, ते बघून आमच्या काळजाचा ठोका चुकतो. पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही, आत हवा साचून दाब वाढेल. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली हलत असलं पाहिजे, त्याला आम्ही ‘कॉलम हलतोय’ म्हणतो. हलायचं थांबलं तर एक तर फुफ्फुस पूर्ण फुगलंय, नाहीतर नळी चोंदलीय किंवा पेशंट तिच्यावर झोपलाय. तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. आधी पेशंटला कुशीवर वळवायचं, मग डॉक्टरांना फोन.

आणि मीनल, भाच्याच्या मानेची सूज बघायला येणारा प्रत्येक जण ‘बघू बघू’ करत करकर दाबून बघत असेल. त्यांना हाकला.

मीनल_मुलुंड

सिस्टर, तुम्ही आमच्या वॉर्डात होतात का? चाळीतले सगळे दाबून गेलेत!

आंग्रेवाडी

‘आपोआप शोषली जाईल’ यावरून आमच्या आजोबांची गोष्ट. त्यांना क्षय झाला तेव्हा औषधं नव्हती. गिरगावात एका डॉक्टरांकडे ते ‘हवा भरायला’ जात. मुद्दाम! सुई घालून फुफ्फुसाबाहेरच्या फटीत हवा सोडायची, म्हणजे क्षयाचं फुफ्फुस दबून विश्रांती घेईल आणि आतली पोकळी मिटेल. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये मांडलेली ही कल्पना, पुढे जगभर चालली. घरात तिला ‘ए. पी.’ म्हणत, म्हणजे आर्टिफिशियल न्यूमोथोरॅक्स. आजी सांगायची, ठरावीक दिवसांनी पुन्हा जावंच लागायचं कारण हवा शरीरात जिरून जायची. म्हणजे आज जे बरं वाटतंय तीच तेव्हा डोकेदुखी होती.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग बाकीची औषधं आली आणि हे सगळं मागे पडलं. मद्रासला १९५६ पासून झालेल्या अभ्यासात, घरी राहून औषधं घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात हे १९५९ मध्ये छापून आलं आणि सॅनेटोरियमचा जमानाच संपत गेला. अवांतर झालं, पण आजोबा शंभरीला थोडे कमी असताना गेले, तेही क्षयाने नाही.

त्रिज्या

मस्त अवांतर. ऑक्सिजनचा मास्क कशासाठी हेही यातच येतं. अडकलेल्या हवेत बहुतांश नायट्रोजन. मास्कने शुद्धप्राय ऑक्सिजन घेतला की रक्तातला नायट्रोजन कमी होतो, मग अडकलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात जास्त वेगाने ओढला जातो. न्यूमोथोरॅक्समध्ये नुसत्या शरीराच्या भरवशावर दिवसाला छातीच्या त्या बाजूच्या आकारमानाच्या एक-दोन टक्के एवढीच हवा जिरते. ऑक्सिजनने वेग वाढतो.

योगायोग

इतकी चर्चा झाली, पण मूळ कारण कुणी बोलत नाही. फुफ्फुसं कमजोर आहेत. रोज सकाळी कपालभाती आणि भस्त्रिका सुरू करा, सहा महिन्यांत दमाही जाईल. आमच्या शिवाजी पार्कच्या वर्गात कित्येकांचा गेलाय.

सिस्टर_वसई

आत्ता तर अजिबात नको!

स्टेथो_दादर

सिस्टरना अनुमोदन. योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः करतो. पण या मुलाच्या वायुपिशव्या फुटल्या त्या आतला दाब एकदम वाढल्यामुळे. जोराने श्वास फेकणं, रोखून धरणं, फुगे फुगवणं, जिममध्ये श्वास कोंडून वजन उचलणं, हे सगळं काही आठवडे बंद. कपालभाती करताना न्यूमोथोरॅक्स झालेल्या रुग्णाची नोंद २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. एकच रुग्ण, त्यामुळे कपालभाती वाईट असा अर्थ कुणी काढू नका. पण भाच्याने पुन्हा सुरू करायची ती डॉक्टरांना विचारून. दम्यासाठी पंप नियमित घेणं हे जास्त कामाचं. दम्याचा झटका हे या हवेचं एक नेहमीचं कारण आहे.

मीनलताई, आणखी एक, जरा नाजूक. त्याला एकट्याला विचारा, काही ओढतो का. सिगारेट, गांजा, व्हेप. धूर आत घेऊन दम कोंडून ठेवायची जी पद्धत असते तिने हेच होतं. व्हेपवर २०१९ पासून देशात बंदी आहे, तरी कॉलेजांबाहेर मिळतंच.

मीनल_मुलुंड

आमचा मुलगा तसा नाही हो.

विरार_स्लो

प्रत्येक मावशीचा भाचा तसा नसतोच.

मीनल_मुलुंड

विरार, हे बोलणं मला आवडलं नाही.

स्टेथो_दादर

ताई, नसेलही. खोकला आणि दमा पुरेसं कारण आहे. पण विचारायचं ते पकडायला नाही, पुन्हा होऊ नये म्हणून. आणि आईने विचारण्यापेक्षा मावशीने विचारलेलं बरं. इतके दिवसांचा खोकला होता म्हणताय तर बेडका तपासला का? आपल्याकडे दोन आठवड्यांवर खोकला गेला की क्षयाची तपासणी करायचीच.

मीनल_मुलुंड

बेडका तपासला, क्षय नाही. आणि बाकीचं विचारते. कोपऱ्यात घेऊन.

काल तो एक विचित्र गोष्ट सांगत होता. डाव्या कुशीवर झोपलं की त्याला हृदयाच्या ठोक्याबरोबर कर्र-कर्र असा आवाज स्वतःलाच ऐकू येतो. ताई म्हणाली स्वप्न पडलं असेल.

स्टेथो_दादर

अहो, स्वप्न नाही! हा हॅमनचा आवाज. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे लुई हॅमन यांनी १९३९ मध्ये याचं वर्णन केलं, ठोक्याबरोबर येणारी करकर, डाव्या कुशीवर जास्त स्पष्ट. सगळ्यांत ऐकू येत नाही, आणि कधी कधी डाव्या बाजूच्या न्यूमोथोरॅक्समध्येही येतो. पण ज्या निवासी डॉक्टरला ऐकायला मिळतो तो दिवसभर खूश असतो. भाच्याला सांगा, पुढच्या राउंडला विद्यार्थ्यांना ऐकवून दे. पुण्य लागेल.

क्लॅरिनेट_लालबाग

मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. फुंकून वाजवणाऱ्यांना हे होतं का? आमच्यात एक ट्रम्पेटवाला भाऊ आहे, वाजवताना मान फुगते त्याची.

स्टेथो_दादर

फुंकवाद्य वाजवणाऱ्यांमध्ये झाल्याची उदाहरणं आहेत, पण दुर्मीळ. बाळंतपणात जोर लावताना, सतत उलट्या झाल्यावरही होतं. वाजवताना मान फुगणं वेगळं. वाजवून झाल्यावर फुगलेलीच राहिली आणि दाबून करकर लागली तर दाखवा.

मालवणकर

भाच्यासाठी महत्त्वाचं. सुट्टीत पोरं तारकर्लीला स्कूबा करायला येतात. मी तिथलाच. फॉर्मवर दमा, फुफ्फुसाचा आजार असं विचारतात आणि अर्धी पोरं ‘नाही’ वर खूण करतात. पण एवढंही घाबरायचं नाही, नवख्यांना फार खोल नेत नाहीत, आठ-दहा मीटर. तेवढ्यात काय होणार?

त्रिज्या

नेमकं तिथेच होतं. समुद्राच्या पृष्ठभागावर दाब एक वातावरण, १० मीटर खाली दोन, २० मीटरला तीन. म्हणजे २० वरून १० वर येताना अडकलेली हवा दीडपट होते, १० वरून वर येताना दुप्पट. वरचे १० मीटर सगळ्यात वाईट. छातीत जिथे हवा कोंडून राहते अशी कमजोर जागा असेल तर वर येताना ती फुटते, आणि पाण्याखाली फुटली तर हवा रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकते.

मालवणकर

बाबा रे. हे आमच्या बोटीवर चिकटवतो.

स्टेथो_दादर

त्रिज्या बरोबर. आपोआप न्यूमोथोरॅक्स झालेल्यांना स्कूबा सहसा कायमचं वर्ज्य, दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया होऊन तज्ज्ञाने परवानगी दिली तरच. भाच्याच्या प्रकारात मत केसप्रमाणे बदलतं, पण त्याला दमाही आहे. छातीच्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

विमानाचंही इथेच सांगतो. केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. तिथे अडकलेली हवा एक तृतीयांशाच्या आसपास फुगते. न्यूमोथोरॅक्सनंतर, एक्सरेत हवा पूर्ण गेलेली दिसल्यावर किमान ७ दिवस थांबून मग प्रवास, असा ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीचा सल्ला आहे.

विरार_स्लो

आणि महाबळेश्वर?

त्रिज्या

१३०० मीटरच्या जरा वर. हवा १५-१७ टक्के फुगेल. एक्सरे स्वच्छ असेल तर जा, स्ट्रॉबेरी खा.

गोविंदा_परळ

आमच्या पथकातला एक पोरगा सरावात वरून पडला, दोन बरगड्या मोडल्या. आम्ही म्हटलं मुका मार आहे, पाणी पाजलं, बसवलं. अर्ध्या तासात ओठ निळे पडायला लागले. बरगडीचं टोक फुफ्फुसात घुसलं होतं, हवा आणि रक्त दोन्ही. रुग्णालयात पोहोचताच नळी घातली म्हणून वाचला. लोकलमधून पडलेल्यांचंही असंच असतं असं तिथले डॉक्टर म्हणाले. नळीशिवाय बरं होतं हे वाचून कुणी अपघातात घरी बसू नये म्हणून लिहिलं.

स्टेथो_दादर

हे फार महत्त्वाचं. मार लागून हवा शिरली आणि जखम झडपेसारखी एकाच दिशेने उघडत असेल तर प्रत्येक श्वासागणिक आत हवा साठते, बाहेर पडत नाही. फुफ्फुस तर दबतंच, हृदयही दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, त्याच्याकडे परत येणारं रक्त अडतं. धाप वाढते, रक्तदाब कोसळतो. तिथे एक्सरेची वाट बघत नाहीत, आधी सुई घालून हवा सोडतात. आणि छातीत काही रुतलेलं असेल तर ते जागेवर ओढून काढू नका, रुग्णालयात काढू देत.

मीनलताईंच्या मूळ प्रश्नातली भीती हृदयाभोवतीच्या हवेची होती. हृदयाच्या स्वतःच्या पिशवीत हवा शिरणं हा तिसराच प्रकार, न्यूमोपेरिकार्डियम. फार विरळा. मोठी दुखापत झालेल्यांत किंवा व्हेंटिलेटरवरच्या नवजात बाळांत जास्त करून दिसतो. तिथे पिशवी बंद असल्याने हृदयावरच दाब येऊ शकतो, मग सुई लागते. भाच्याची हवा हृदयाच्या शेजारी आहे, पिशवीत नाही.

इरावती_बाळाची_आई

माझी मुलगी वेळेआधी झाली, व्हेंटिलेटरवर होती. एका रात्री अचानक तिचा ऑक्सिजन खाली गेला. डॉक्टरांनी खोलीतले दिवे घालवून तिच्या छातीला प्रखर प्रकाशाचा दिवा लावला, एक बाजू लालसर उजळली. तिथे हवा होती. एक्सरेवाला यायच्या आत सुई घातली गेली. आज ती दुसरीत आहे आणि तिचा आवाज विरारपर्यंत ऐकू जातो.

विरार_स्लो

ऐकू येतो, कन्फर्म.

निशिगंधा_एमडी

धागा उशिरा वाचला. मी ठाण्याला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. दोन गोष्टी.

पहिली, शेजारच्या खाटेवरच्या त्या नळीबद्दल. ‘न्यूमोथोरॅक्स म्हणजे नळी’ हेही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या रुग्णालयांनी मिळून ३१६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये आला. मध्यम किंवा मोठा, आपोआप झालेला न्यूमोथोरॅक्स, इतर आजार नाही, तब्येत स्थिर. अर्ध्यांना नळी, अर्ध्यांना नुसतं लक्ष ठेवणं. लक्ष ठेवलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना नळी लागलीच नाही. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीही आता एक्सरेतल्या आकारापेक्षा रुग्णाला त्रास किती आहे याला जास्त महत्त्व देते. पण ‘लक्ष ठेवणं’ म्हणजे रुग्ण रुग्णालयाच्या आवाक्यात, त्रास वाढला तर लगेच परत येणारा, पुढच्या एक्सरेला नक्की येणारा. आपल्या गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर नळी घालून मोकळे होतात यामागे हेही कारण असतं. मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरी माझ्या विषयातली. तीस-चाळिशीच्या बाईला उजव्या बाजूला न्यूमोथोरॅक्स झाला, विशेषतः पुन्हा पुन्हा, तर पाळीची तारीख विचारा. एंडोमेट्रिओसिसच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पण गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या पेशी छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर, फुफ्फुसाच्या आवरणावर असू शकतात. पाळी सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत हवा शिरते, बहुतेकदा उजव्याच बाजूला. छातीचे डॉक्टर पाळी विचारत नाहीत, आम्ही छाती विचारत नाही, मधल्या मध्ये बाईला नळीवर नळी बसते.

मीनल_मुलुंड

भाचा घरी आला. सोडताना युनिटच्या मॅडमना धीर करून विचारलंच, नळी का नाही. त्यांनी त्याचा सीटी उजेडावर धरून दाखवला, ‘फुफ्फुसं बघा, दोन्ही पूर्ण फुगलेली आहेत, मी नळी कुठे घालू?’ स्टेथोंनी सांगितलं तेच, एका वाक्यात. कागदावर लिहून दिलंय: पंप नियमित, खोकल्यावर औषध, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, वजन उचलायचं नाही, विमान आणि ट्रेक सध्या नाही, एक्सरेला परत यायचं. धाप, ताप किंवा सूज चेहऱ्यापर्यंत आली तर लगेच. कोपऱ्यातलं संभाषणही झालं. काय निघालं ते इथे लिहीत नाही, विरारला आनंद होईल.

विरार_स्लो

:)

सई_ठाणे

निशिगंधाताई, तुमचा प्रतिसाद वाचून हात थरथरतायत. माझ्या बहिणीला, वय ३६, दोनदा झालं. दोन्ही वेळा उजवीकडे. दोन्ही वेळा नळी. दुसऱ्यांदा झालं तेव्हा पाळीचा दुसरा दिवस होता हे मला पक्कं आठवतंय, कारण पॅड मीच नेऊन दिले होते. कुणीच विचारलं नाही. पाळीत तिला आधीपासून खूप दुखतं, उजव्या खांद्यातही.

निशिगंधा_एमडी

खांद्यातलं दुखणं डॉक्टरांना सांगायला विसरू नका, ते पडद्यावरून येऊ शकतं. दोन्ही वेळच्या डिस्चार्ज कार्डांवरच्या तारखा आणि तिच्या पाळीच्या तारखा शेजारी शेजारी लिहा. एक प्रत स्त्रीरोगतज्ज्ञाला, एक छातीच्या सर्जनला. दोघांनी मिळून ठरवायचं असतं, नुसत्या गोळ्या की दुर्बिणीतून शस्त्रक्रिया की दोन्ही. लगेच शस्त्रक्रियाच लागेल असं नाही. पण पुढची पाळी येण्याआधी भेटलात तर बरं.

सई_ठाणे

कार्डं आईच्या कपाटात आहेत. पाळीच्या तारखा तिच्या मोबाइलमध्ये निघतील. गुरुवारी छातीची ओपीडी असते, सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत उभी राहते.